उपग्रहाशी घासाघीस

क्वेसारचा अभ्यास करायला काय काय लागतं, असं कॉलेजातल्या मुली विचारायच्या तेव्हा मी खरं उत्तर कधी दिलं नाही. मी सांगायचे, गणित लागतं, चिकाटी लागते, वाचायची सवय लागते. खरं म्हणजे एक टेलिफोनची लाईन लागते, आणि ती लाईन ज्याच्या गादीवर आहे असा एक सासरा लागतो. मला दोन्ही मिळालं. दोन्ही एकाच ठिकाणी होतं, एवढीच काय ती अडचण.

मी भिवंडीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. माहेर दिघाशीचं, सासर शेलारचं. शिकवण्याबरोबर माझा एक जोडधंदा होता, तो म्हणजे लांबच्या, फार लहरी क्वेसारांकडून येणारे क्ष-किरण मोजण्याचा. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं मला सहयोगी म्हणून घेतलं होतं. म्हणजे सुटीत तिथे जायचं, त्यांचे संगणक आणि पुस्तकं वापरायची, आणि घरी येऊन उरलेलं काम करायचं. दर काही वर्षांनी एक समिती बसायची. बाईंनी काही केलंय का हे बघायची, केलं नसेल तर बाईंना नमस्कार करायची. नमस्कार झालेले दोन-तीन जण मी पाहिले होते. ते पुढे फक्त पेपर तपासत बसले, त्यामुळे त्या नमस्काराची मला फार भीती वाटायची.

आता हा धंदा काय आहे ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं प्रचंड मोठं गाव. काही गावांच्या मधोमध एक कृष्णविवर बसलेलं असतं, कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं. जवळ येईल ते गिळायचं, हा त्याचा एकच उद्योग. पण ते मुकाट्यानं गिळत नाही. आत पडणारा माल भयंकर तापतो आणि सगळ्या गावाहून जास्त उजेड पाडतो, तो क्वेसार. काही क्वेसार जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळणारा एक झोतही बाहेर फेकतात. तो झोत नेमका आपल्या रोखानं असला तर असा क्वेसार अतिशय लहरी दिसतो. आज मंद, उद्या दसपट, परवा पुन्हा मंद.

या लहरींची आतल्या गोटातली बातमी क्ष-किरण देतात. पण आपल्या हवेला ते आवडत नाहीत, ती त्यांना खाली येऊच देत नाही. म्हणून मोजणारी दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवावी लागते. तिथे हे किरण एकेक दाण्यानं येतात आणि एकेक दाणा मोजला जातो. माझा क्वेसार शांत असला की सेकंदाला एक दाणाही धड देत नसे. मग किती वेळात किती दाणे आले त्याचा आलेख काढायचा आणि त्या वेड्यावाकड्या रेघेकडे बघत बसायचं. भिवंडीत बसून परदेशी उपग्रहाला इकडे बघ, तिकडे बघ सांगायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार, पण शेळ्या येत होत्या.

त्या रेघेतून कळतं काय? समजा, शेलारात कुणाच्या घरी भांडण झालं. बातमी या टोकापासून त्या टोकाला पोचायला वेळ लागतो. सगळं गाव तासाभरात दारात येऊन उभं राहिलं तर समजायचं, गाव फार मोठं नाही. विश्वात कुठलीही बातमी प्रकाशापेक्षा जलद जात नाही. म्हणून क्वेसारचं तेज थोड्या तासांत निम्म्यावर आलं तर तो पेटलेला भाग थोड्या प्रकाशतासांहून फार मोठा नसणार. झोतामुळे या हिशेबात आणखी भानगडी असतात, त्या मी तुमच्या गळ्यात मारत नाही.

आबा, म्हणजे माझे सासरे, हे कापडाचे दलाल होते. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, नुसतं उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड असतं त्याला आमच्याकडे ग्रे म्हणतात. लूमवाला आणि व्यापारी यांच्या मधे बसून त्या ग्रेचा भाव जुळवायचा, हे आबांचं काम. घराच्या तळमजल्यावर त्यांची गादी होती. पांढरी खोळ, दोन लोड, एक पंखा आणि एक टेलिफोन. इंटरनेटसाठी माझा संगणक त्या टेलिफोनला जोडायचा, म्हणून तोही गादीच्या कोपऱ्यात आला. परदेशातून आकडे उतरवायला मी बसले की लाईन अडकायची आणि आबांचा धंदा अडकायचा. शेवटी तह झाला. शुक्रवारी लूम बंद असतात, बाजार थंड असतो, तेव्हा शुक्रवार माझा. इतर दिवशी दुपारी आबांचा डोळा लागेल तेवढा वेळ माझा.

पहिल्यांदा मी त्यांना क्वेसार समजावून सांगितला तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं. महिनोन् महिने गप्प असतो, मग एकदम भडकतो, कशानं भडकला ते कुणालाच कळत नाही, आणि आपण विचारपूस करायला जावं तर शांत झालेला असतो.

"म्हंजे आपला अंबाडीचा जावय," आबा म्हणाले.

जावई म्हणजे दहावा ग्रह, हे आपल्या जुन्या माणसांनी सांगूनच ठेवलंय. पण जावई म्हणजे क्वेसार, हा शोध आबांचा. क्वेसारचं खरं नाव म्हणजे आकडे आणि अक्षरं मिळून झालेला एखादा ट्रकचा नंबर होता, तो कुणाच्या लक्षात राहणार? त्या दिवसापासून आमच्या घरात तो जावई झाला. ताटावर बसताना आबा विचारायचे, "आज जावय कसा हाय?" मी सांगायचे, शांत आहे. मग ते समाधानानं जेवायचे. हे बारसं अंबाडी गावात दिलेल्या माझ्या नणंदेच्या कानावर गेलं तेव्हा मात्र जो भडका उडाला तो मोजायला उपग्रहाची गरज नव्हती.

गादीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही जावयाची सवय झाली. अन्सारीशेठ नावाचे एक लूमवाले आबांचे जुने मित्र होते. त्यांनी एकदा माझ्या खांद्यावरून आलेख पाहिला, वर जाणारी रेघ, खाली येणारी रेघ, पुन्हा वर. बराच वेळ पाहून त्यांनी निदान केलं.

"मॅडम, ये तो व्होल्टेज का लफडा है."

"शेठ, हे फार लांबचं आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे."

"तो क्या हुआ? लाइन जितनी लंबी, लफडा उतना ज्यादा. इसको स्टेबिलायझर लगाओ. मेरे पास एक पडा है, भेज देता हूं."

आणि त्यांनी खरंच पाठवला. क्वेसारला बसवता येईना म्हणून तो आम्ही फ्रिजला लावला. कित्येक वर्षं चांगला चालला.

तर असं हे चाललेलं असताना पुण्याची समिती बसायची वेळ जवळ आली. माझ्यापाशी दाखवायला फारसं काही नव्हतं. शांत जावयाचे पुष्कळ आलेख होते, पण शांत जावयाचं कौतुक कुणाला? भडकलेला असताना नीट, सलग मोजणी मिळाली तरच माझं सहयोगीपण टिकणार होतं. पुण्याच्या एका मैत्रिणीनं मला हे आडवळणानं सांगितलं, आणि मग मी न समजल्यासारखं केलं म्हणून सरळच सांगितलं.

भडक्यासाठी आमच्यात एक सोय असते. आधीच एक अर्ज मंजूर करून ठेवायचा, की अमुक क्वेसार भडकला तर हातातलं काम बाजूला ठेवून उपग्रह तिकडे वळवा. माझा असा अर्ज मंजूर होता, चाळीस हजार सेकंदांचा, आणि चाळीस मंजूर झाले हे मी आबांनाही सांगितलं होतं. म्हणजे साधारण अर्ध्या दिवसाहून थोडं कमी. पण मंजूर म्हणजे 'चाळीसपर्यंत', प्रत्यक्षात किती द्यायचे ते त्या दिवशीची गर्दी बघून ठरणार. क्वेसार भडकल्याची वर्दी दुसराच एक उपग्रह देतो. तो रोज सगळ्या आकाशावरून ढोबळ नजर फिरवतो, रात्रपाळीच्या राखणदारासारखा. वर्दी मिळाली की आपण युरोपातल्या केंद्राला कळवायचं, मग तिथला ड्युटीवरचा शास्त्रज्ञ फोन करून विचारणार, इतके सेकंद देतो, हवेत का? तुम्ही हो म्हणायचं, की उपग्रह वळला.

आणि जावई भडकला. नेमका परीक्षांच्या दिवसांत. सकाळी मी वर्दी वाचली, केंद्राला कळवलं आणि कॉलेजला पळाले. मला सुपरव्हिजन होतं. वर्गात मोबाइल न्यायची बंदी, म्हणून संपर्कासाठी मी गादीचा नंबर दिला होता. आबांना सांगून गेले, फोन आला तर म्हणा मॅडम दोन वाजता येतील. एवढंच म्हणायचं. आबांनी मान डोलावली.

इथे आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. ग्रेच्या बाजारात पहिला भाव कुणी घेत नाही. भाव बरोबर असला तरी घेत नाही. पहिल्या भावाला हो म्हटलं की समोरच्याची झोप उडते, त्याला वाटतं आपण स्वस्तात विकलं. म्हणून पहिला नकार हा सौजन्याचा भाग असतो. 'रहने दो फिर' याचा अर्थ आमच्याकडे 'नको' असा होत नाही. त्याचा अर्थ 'बसा, चहा मागवतो' असा होतो. आबांचा सगळा जन्म या रीतीत गेला होता.

दोन वाजता मी घरी आले. आबा लोडाला टेकून प्रसन्न बसले होते.

"फोन आलता तुजा. युरोपवाल्या ड्युटीवाल्याचा. आपला इंदोरकडचा पोरगा हाय गो, हिंदी बोलतो चांगला."

"काय म्हणाला?"

"म्हनला, बीस दे सकते हैं, आज शाम से. मी म्हनलो, बीस में क्या होता है भाई, बात चालीस की थी. तो म्हनला, बीस ही है अंकल, लेना है तो अभी बोलो. मी म्हनलो, रहने दो फिर. आन् ठेवला."

"ठेवला म्हणजे?"

"फोन ठेवला."

मी गादीच्या कडेवर बसले. "आबा, वीस काय, ते तरी तुम्हाला माहीत आहे का?"

"ता मना काय ठाव! वीस म्हंजे वीस. चालीसचा माल हाय, वीस देतो, म्हंजे तिसावर येल. बघ तू, फोन करंल."

"आबा, ते व्यापारी नाहीत! शास्त्रज्ञ आहेत! उपग्रहापुढे जगभरची रांग लागलेली असते. आपण नको म्हटलं की ते दुसऱ्याला देऊन मोकळे होतात!"

"मानूस हाय ना पन?" आबा म्हणाले. पण माझा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. मला रडू येत होतं, ते त्यांना दिसलं. माझ्या सासऱ्यांनी आपल्या मुलाच्या लग्नातही चेहरा हलू दिला नव्हता, तो त्या वेळी हलला.

मी संगणक चालू केला. माफीची मेल टाकायची, आम्हाला वीस हवेत, दहाही चालतील. मोडेम किंचाळायला लागला.

"लायन सोड गो!" आबा एकदम उठून उभे राहिले. "लायन सोड! न्हाय म्हनल्यावं लायन मोकली ठेवाची असते. तो फोन करंल आन् लायन एंगेज लागंल!"

"तो फोन करणार नाही!"

"करंल!"

"मला मेल टाकू द्या!"

लाईन तुटली. मी पुन्हा जोडली. पुन्हा तुटली. मी पुन्हा जोडली. आबा येरझाऱ्या घालत होते. एवढ्यात अन्सारीशेठ ग्रेचा भाव विचारायला आले आणि आमची तोंडं बघून दारातच थांबले.

"आबा, किसका माल अटका है?"

"बहू का."

"कितने में?"

"चालीस का माल है, बीस बोलता है."

अन्सारीशेठांनी चपला काढल्या आणि गादीवर बैठक मारली. "मॅडम, छोडना मत. फोन आयेगा."

मी दोघांकडे बघून मेल लिहीत राहिले. इंग्रजीत माफीचे मला जेवढे प्रकार येत होते ते सगळे एका परिच्छेदात बसवले. बटण दाबलं. मेल निघता निघेना. पट्टी हळूहळू भरत होती आणि मी तिच्याकडे बघत देवाचं नाव घेत होते, आणि लाईट गेले.

लोडशेडिंग. भिवंडीतल्या कुणालाच त्याचं नवल नव्हतं, मलाच त्या दिवशी त्याची वेळ आठवली नव्हती. पंखा थांबला, संगणक काळा झाला, आणि मेल वाटेतच मेली. मी आता मोठ्यानं रडणार, एवढ्यात मोकळ्या झालेल्या लाईनवर फोन वाजला.

आबांचा हात पुढे गेला होता. त्यांनी तो मागे घेतला आणि मला म्हणाले, "घे."

"मॅडम, आधे घंटे से आपकी लाइन एंगेज है," पलीकडचा मुलगा म्हणाला. नियमानं नकार मूळ अर्जदाराचाच लागतो, अंकलचा चालत नाही, म्हणून तो फोन करत होता. वेळेत होकार न मिळाल्यामुळे संध्याकाळचे वीस हजार त्यानं दुसऱ्याला देऊन टाकले होते. पण मधल्या वेळात कुणाचं तरी निरीक्षण रद्द झालं होतं. "अब पैंतीस दे सकता हूं, पर कल दोपहर से. चलेगा?"

"चलेगा!" मी ओरडले. क्षणभरही थांबले नाही.

मागे आबांनी कपाळावर हात मारला. पंखा बंद असल्यामुळे पलीकडचा आवाज त्यांनाही ऐकू येत होता, आणि पाच बोटं नाचवून ते मला खुणावत होते. "चालीस झाला असता गो! हो म्हनाची काय घाई!"

अन्सारीशेठांनी मात्र उठून आबांचा हात हातात घेतला. त्या दिवशी आमच्या आळीतल्या सगळ्या गाळ्यांत आबांच्या नावानं चहा फिरला. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं होतं, की आबांनी युरोपवाल्याला वीसवरून पस्तीसवर आणला. पस्तीस काय, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उपग्रह वळला. काही दिवसांनी आकडे माझ्या हाती आले आणि मी आलेख काढला. जावई झरझर खाली येत होता. सुंदर उतार होता, दाण्यादाण्यानं भरलेला, सलग. असा उतार त्याआधी मी कधी पाहिला नव्हता. मग मी त्याच आलेखावर त्या राखणदार उपग्रहाचे ढोबळ ठिपके चढवले. शिखर आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन गेलं होतं. ज्या संध्याकाळचे वीस हजार आबांनी नाकारले होते, त्याच संध्याकाळी. आम्ही पोचलो ते वरातीमागून घोडं घेऊन.

मला राग आला. खूप आला. असं शिखर एखाद्याच्या वाट्याला कामाच्या उभ्या आयुष्यात एखादवेळी येतं, आणि माझ्या वाट्याचं 'रहने दो फिर'मध्ये गेलं होतं. पण आबा बाजारात छाती काढून फिरत होते, आणि मला ते सांगवेना. मी उताराच्या हिशेबाला लागले आणि व्याख्यान तयार केलं.

समितीपुढे बोलायला मी पुण्याला निघाले तेव्हा आबा म्हणाले, मीही येतो. जावयासाठी एवढं केलं, त्याला सगळ्यांसमोर बघू तरी दे. पांढरा सदरा, कडक टोपी घालून ते सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसले. मी इंग्रजीत बोलत होते. त्यांना त्यातलं काही कळत नसणार, पण पडद्यावर तो आलेख आला तेव्हा ते पुढे सरकून बसलेले मी पाहिले. सगळ्या जन्मात भाव चढताना आणि उतरताना बघितलेला माणूस होता तो. डावीकडे शिखरापर्यंत चढत जाणारे थोडे ढोबळ ठिपके, मधे मोठी रिकामी जागा, आणि उजवीकडे दाट उतार.

समितीत एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. स्वभाव कडक, आणि चिडले की इंग्रजी सोडून मराठीत यायचे. ते मराठीत आले.

"बाई, भडका कळल्यावर दुर्बीण पोचायला इतका उशीर कसा? ही मधली जागा रिकामी का? झोपला होतात का तुम्ही?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. मी तोंड उघडलं. 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं म्हणायचं मी घरूनच ठरवून आले होते. पण त्याआधी शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सायेब," आबा उभे होते. टोपी हातात घेतली होती. "ती झोपली नव्हती. कालेजात परीक्षा व्हती, ती तिथं उभी व्हती. फोन मी घेतला. न्हाय मी म्हनलो. वीस देत व्हता, मना कमी वाटला. ती जागा रिकामी ऱ्हायली ती माज्यामुले. तिच्या नावावं लिवू नका."

बाजारात आबांनी कधी कुणापुढे चूक कबूल केल्याचं मला माहीत नाही. धंद्यात ती करायचीच नसते. मी हातातले कागद खाली ठेवले.

प्राध्यापक मागे वळले. "तुम्ही कोण?"

"सासरा."

"वीस देत होते, आणि तुम्ही नको म्हणालात?"

"व्हय."

"मग मिळाले किती?"

"पस्तीस. चालीस झाला असता, पन ती लगेच हो म्हनली."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "मी जन्मभर उपग्रहांचा वेळ मागतोय," ते समितीतल्या इतरांना म्हणाले. "कापलेला पुष्कळदा पाहिलाय. वाढलेला आज पहिल्यांदा ऐकतोय." मग पुन्हा मागे वळून, "पुढच्या खेपेला माझा फोन घ्याल का हो?"

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. पुढचे प्रश्न सगळे उतारावर आले, आणि उताराची उत्तरं माझ्याजवळ होती. माझं सहयोगीपण राहिलं. मधल्या सुटीत मला चहाबरोबर अभिनंदनं मिळाली, आणि आबांना माझ्याहून जास्त मिळाली. पण आबा हसत नव्हते. ते रिकाम्या सभागृहातल्या पडद्याकडे बघत होते. कुणीतरी आलेख काढून टाकायला विसरलं होतं.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. पनवेल आल्यावर माझ्याकडे वळले.

"चढ माज्यामुले गेला ना गो?"

"हो, आबा."

"मोठा व्हता?"

"खूप मोठा होता."

"मंग भांडली का न्हाईस?"

"भांडत होते की. आठवडाभर तुमच्या भाजीत मीठ नव्हतं. लक्षात नाही आलं?"

आबांनी विचार केला. "मना वाटला, मना बीपी हाय म्हनून."

त्यावर आम्ही दोघं इतके हसलो की कंडक्टर येऊन बघून गेला.

त्यानंतर मात्र आबांनी माझा फोन कधी उचलला नाही. वाजला की जिन्याखाली उभे राहून हाक मारायचे, "वंदना, तुजा हाय गो!" मी खाली येईपर्यंत तो वाजत राहायचा. पुढे ब्रॉडबँड आलं, मोबाइल सगळ्यांच्या खिशात आले, पण अर्जावर मी गादीचाच नंबर देत राहिले. दोनदा-तीनदा मी त्यांना म्हटलंही, आबा, तुम्ही बोला, कमी देतायत. ते हात वर करायचे. "न्हाय बा. माल तुजा, तू बोल." मग मी बोलायचे आणि जेवढे देऊ करतील तेवढे घ्यायचे. पुढच्या सगळ्या वर्षांत मला एकदाही कुणी वाढवून दिले नाहीत.

ब्रॉडबँड यायच्या आधी एकदा जावई पुन्हा भडकला. पहिल्यासारखा नाही, पण बऱ्यापैकी. मी गादीवर फोन घेतला. ड्युटीवर कुणी दुसरीच बाई होती, तिनं पंधरा हजार देऊ केले. आबा शेजारीच बसले होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी धीर करून इंग्रजीत म्हणाले, पंधरात काय होणार, राहू द्या मग. ती म्हणाली, ठीक आहे मॅडम, कळवल्याबद्दल आभार. आणि फोन ठेवला.

मी संगणकाची वायर काढून टाकली आणि लाईन मोकळी ठेवून बसले. आबांनी दोनदा चहा मागवला. गिऱ्हाईकं आली, गेली. दिवेलागण झाली. फोन वाजला नाही.

आबांनी गादीवरचे लोड नीट लावले, पंखा बंद केला आणि उठता उठता माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुज्या आवाजात गरज आयकू आली गो तिला."